खिळ्यावरचे दोन पास

मी एक जुना रेल्वेचा पास आहे. माझी मुदत केव्हाच संपली. आता मला दाखवून कुणी फलाटावर पाऊलसुद्धा ठेवू शकणार नाही. तरीही मित्रांनो, मी कचऱ्यात गेलो नाही. का गेलो नाही, तेच सांगतो. जरा सरकून बसा.

माझा जन्म स्टेशनातल्या खिडकीआड झाला. यंत्राने करकर करत मला छापले, कारकुनाने फोटो चिकटवून शिक्का हाणला आणि काचेखालून बाहेर ढकलले. मला उचलणारे हात साबणाने पांढरे पडलेले होते. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुणाऱ्या बाईंचे ते हात. घरात सून त्यांना आई म्हणे, म्हणून मीही आईच म्हणतो. फोटोत आईने ओठ घट्ट मिटले आहेत. हसायचे नाही, असे फोटोवाल्याने बजावले होते ना.

आई दुपारी कामाला निघे. खिडकीपाशी जागा मिळाली की देवाचे नाव गुणगुणे. ठेका धरायला रुळांवरची चाके होतीच. समोरच्या बायका गप्पा थांबवून ऐकत. मला वाटे, केवढा हा विश्वास! एवढ्याशा कागदाच्या शब्दावर ही अजस्र गाडी रोज एका माणसाला शहराच्या टोकापर्यंत नेते आणि सुखरूप घरी आणून सोडते.

घरी दाराजवळ एक खिळा होता. त्यावर मी आणि सुनेचा पास टांगलेले असू, दोघेही सारख्याच निळ्या पाकिटांत. सून चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात नवी लागली होती. ती सकाळी आधी निघे, म्हणून तिचा पास वर आणि मी खाली. हा नियम आईचा. सून न बघता हात घाली आणि धावत सुटे.

एका सकाळी आईने दोन्ही पाकिटे ओल्या फडक्याने पुसली. सुनेला कामावर कायम करायचे की नाही, ते त्या दिवशी ठरणार होते. उशीर झाला तर नाव कटणार, असे मुकादमाने आधीच ऐकवले होते. अशा दिवशी पाकीट मळके नको, एवढाच आईचा भाव. पण टांगताना तिने मला वर टांगले.

मोठ्या स्टेशनच्या फाटकाशी तिकीट तपासनीसाने मला हातात घेतले. फोटो पाहिला, सुनेकडे पाहिले.

"फोटोत बऱ्याच म्हाताऱ्या दिसताय की, बाई."

"आज नोकरी गेली तर संध्याकाळपर्यंत अगदी तशीच दिसेन, साहेब."

त्याला हसू आले, पण त्याने ते गिळले. "दुसऱ्याचा पास चालत नाही. दंड भरा. हा पास जप्त."

माझ्या छातीत धस्स झाले. कागदाला छाती कुठली, असे विचारू नका. सुनेच्या पर्समध्ये दंडापुरते पैसे नव्हते. तिने आईला फोन लावला.

"आई, तुमचा पास..."

"कळलंय गं मला. तुझ्या मागच्याच गाडीत आहे मी, तिकीट काढून. त्यांच्याशी वाद घालू नकोस."

आई आली. पायात घरातल्या चपला, एका हातात सुनेचा पास आणि दुसऱ्या हातात अजून ते ओले फडके.

"चूक माझी," ती धापा टाकत म्हणाली. "मीच उलटे टांगले. दंड माझ्याकडून घ्या. हवं तर दिवसभर इथे उभी करा, पण हिला आधी जाऊ द्या."

तपासनीसाने दोन्ही पास तळहातावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग सुनेचा तिला दिला. "पळा."

सून पळाली. कारखान्याचा भोंगा वाजता वाजता ती आत शिरली, हे आम्हाला संध्याकाळी कळले. कायम झाल्याचेही तेव्हाच कळले.

इकडे पावती फाडताना तपासनीस म्हणाला, "सुनेचा दंड भरणारी सासू आजच बघतोय."

"रोज माझा डबा ती भरते, बाबा. एक दिवस दंड मी भरला."

त्याने मला आईच्या हातात परत ठेवले. "घ्या. आणि घरी दोन खिळे ठोका."

आईने दुसरा खिळा काही ठोकला नाही. पाकिटे मात्र ती दोनदा बघून टांगू लागली.

पुढे आईचे गुडघे थकले, धुलाईघर सुटले, माझी मुदत सरली. आई मला टाकायला निघाली, तेव्हा सुनेने हात धरला. "राहू द्या, आई. माझ्या पाकिटात मागच्या बाजूला जागा आहे."

तेव्हापासून मी तिच्या पासाला पाठ लावून रोज गाडीने जातो. फाटकाशी तो तपासनीस दिसतो. त्याचेही केस आता पिकले आहेत. तो पुढचा पास तपासतो, मग हळूच पाकीट उलटतो.

"बऱ्या आहेत ना?" तो विचारतो.

"बऱ्या आहेत. गुणगुणतात अजून," सून सांगते.

तर मित्रांनो, घरातून निघताना पास एकदा नीट बघून घ्या. आणि तो पुसून, वर टांगून ठेवणारे कुणी घरात असेल, तर त्यांच्याकडेही.