खांबामागचे कपाट

ग्रंथालयाचा नियम साधा होता. जे पुस्तक वर्षभरात एकदाही वाचकाच्या घरी गेले नाही, ते वर्षअखेरीला बाद. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का नसेल, तर त्या पुस्तकाची बाजू घ्यायला कोणी नसे.

सहायक ग्रंथपालाने खांबामागच्या कपाटात लावलेली चौदाही पुस्तके अशी कोरी होती. सगळी एकटेपणावरची, निम्मी मुलांची, निम्मी मोठ्यांची, मुद्दाम एकमेकांत मिसळलेली. ती वाचली जात नव्हती, असे नाही. दुपारी कोणीतरी खांबाच्या आड उभे राही, थोडा वेळ वाची आणि पुस्तक आडवे ठेवून निघून जाई. पानांचे कोपरे मऊ पडले होते. पण मऊ कोपऱ्यांसाठी मुख्य ग्रंथपाल मॅडमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

हे त्यांना सांगायला हवे होते. तो तीनदा केबिनच्या दारापर्यंत गेला.

"काही हवं होतं का?"

"नाही... पंखा कमी करू का, एवढंच विचारायचं होतं."

तिन्ही वेळा पंखा कमी झाला. मॅडमना घाम फुटला. त्याला शब्द फुटला नाही.

अखेर शुक्रवारी त्याने चौदाही पुस्तके आपल्या, ताईच्या आणि भाऊजींच्या कार्डांवर चढवली, शिक्के मारले आणि दोन पिशव्यांत भरून घरी नेली. शनिवारी मोजणी उरकली की परत आणायची, असा त्याचा हिशेब.

"अरे घुम्या," ताई पुस्तके उलटीपालटी करत म्हणाली, "एकटं राहायची चौदा पुस्तकं आणलीस, आणि सोफ्यावर मला टेकायला जागा ठेवली नाहीस!"

"माझ्या नावावर कुठलं आहे?" भाऊजींनी विचारले.

"साळिंदराचं. चित्रांचं आहे."

"म्हणजे तुझ्या बहिणीने तुला सगळं सांगितलेलं दिसतंय."

दोघे पोट धरून हसले. त्यालाही हसू आले असते. पण काहीतरी चोरून आणल्यासारखा त्याचा जीव टांगणीला लागला होता.

सोमवारी तो पिशव्या घेऊन पोहोचला, तेव्हा खांबामागे प्रवेशपरीक्षांची जाडजूड मार्गदर्शके उभी होती. कपाटाला टेकून एक टेबल, टेबलाभोवती सहा खुर्च्या, आणि सहाही भरलेल्या.

"रिकामं कपाट बघून इतकं बरं वाटलं मला!" मॅडम खुशीत होत्या. "सगळी गेली की हो तुमची! आता परत येतील तशी मुख्य रांगांत लावून टाका. आडबाजूला कशाला ठेवायची?"

सांगायचे होते ते हेच, की आडबाजू हाच त्या पुस्तकांचा अर्धा मजकूर होता. वाक्य मनात तयार होते, नीट बांधलेले, कर्ता-कर्मासकट. तो म्हणाला, "बरं."

दुपारी बसची कंडक्टर आली. चेहऱ्याने तो तिला ओळखत होता; जेवणाच्या सुट्टीत ती रोज खांबामागे दिसे. खुर्च्यांपाशी ती थबकली, मग त्याच्याकडे वळली.

"साळिंदराचं पुस्तक कुठे गेलं?"

"ते... मी नेलं होतं. सगळीच. वाचवायला."

"कोणापासून? माझ्यापासून?"

त्याने नियम सांगितला, शिक्का सांगितला, तक्ता सांगितला. वर्षभरात तो इतके कोणाशी बोलला नव्हता.

"मग मला सांगायचं की! कार्ड आहे माझ्याकडे. एक शिक्का मारून घेतला असता."

"तुम्ही कधी घरी नेलं नाहीत, म्हणून मला वाटलं..."

"घरी आठ माणसं आहेत. सकाळपासून बसमध्ये सगळं गाव. ही वीस मिनिटं सोडली तर मला कोणी ना कोणी हाक मारतच असतं." तिने घड्याळ पाहिले. "त्यातली सहा तुम्ही खाल्लीत."

तो तडक केबिनमध्ये शिरला. या वेळी पंख्याकडे पाहिलेही नाही.

"मॅडम, ती पुस्तकं वाचकांनी नेली नव्हती. मी नेली होती. आणि ते कपाट परत पाहिजे. एक बाई रोज तिथे उभ्या राहून वाचतात."

मॅडमनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत, त्यांचे न रागावणेच त्याला अधिक लागले.

"अहो, सहा मुलं बसलीत तिथे. एका बाईसाठी उठवू? आणि पुस्तक तर आहे ना? कुठेही बसून वाचू दे."

तो बाहेर आला. कंडक्टरने पिशवीतून साळिंदर स्वतःच शोधून काढले होते आणि ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. वरच्या मजल्यावर वर्ग भरत होता. पोरे धडधड चढत-उतरत होती, शिपाई फायली घेऊन चढत होता, आणि प्रत्येक वेळी ती पुस्तक छातीशी धरून गुडघे आवळून घेत होती. "सरका जरा, बाई." "जाऊ द्या हो."

तो कठड्यापाशी उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवावे, असे त्याला वाटले. पण थांबवायचे म्हणजे ओरडायचे. शिवाय तिच्याजवळ उभे राहणे म्हणजे आणखी एक माणूस. म्हणून तो दूर गेला, आणि दुरूनही पाहत राहिला.

सुट्टी संपली. ती उठली, पुस्तक त्याच्या हातात दिले.

"तीन पानं झाली," ती म्हणाली. "रोज सोळा होतात."