सासूबाईंच्या बोटाला न पोचणारं बटण

तिनं आणि तिच्या टीमनं मोठ्या हौसेनं बनवलेला गेमिंग कन्सोल बाजारात आला आणि तोंडावर आपटला. दुकानदारांनी माल परत पाठवला, कंपनीनं अख्खा विभाग गुंडाळला आणि कालपर्यंत जिला सगळे ‘मॅडम, मॅडम’ करत होते ती मुख्य डिझायनर घरी बसली. कुणी विचारलंच, तर तिचं उत्तर तयार असायचं. जाहिरात धड झाली नाही, किंमत चुकली, लोकांना वस्तू कळलीच नाही. नवरा मान डोलवायचा. तो बिचारा दुसरं काय करणार?

त्याच सुमारास सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून विश्रांतीसाठी त्यांच्याकडे आल्या. आयुष्यभर दातांचा दवाखाना चालवलेली बाई. रिकामं बसणं त्यांच्या अंगातच नव्हतं. आणलेली पुस्तकं वाचून झाली, बातम्यांचा वीट आला, तेव्हा एका दुपारी त्या म्हणाल्या, “ते तुझं यंत्र कपाटात पडलंय ना? लाव की जरा.”

“नको आई. ते प्रकरण संपलं.”

“प्रकरण संपलं की यंत्र?”

“प्रकरण.”

“मग यंत्र लाव.”

सुनेनं नाइलाजानं कन्सोल टीव्हीला जोडला. एका बकरीला डोंगर चढवायचा, असा खेळ होता. पण बकरी दिसायला बराच वेळ लागला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं, आणि तेवढ्यात सासूबाईंचा चहा पिऊन झाला. मग आतला पंखा घोंघावायला लागला.

“हे काय चाललंय? माझ्या दवाखान्यातलं ड्रिल याहून गप्प होतं गं.”

सुनेनं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. बकरी पहिल्याच दरीत पडली, मग पुन्हा पडली. उडीचं बटण कंट्रोलरच्या मागच्या बाजूला होतं आणि सासूबाईंचं बोट काही केल्या तिथवर जात नव्हतं. शेवटी त्यांनी कंट्रोलर मांडीवर आडवा ठेवला, दोन्ही हातांनी दाबदाबून बकरीला अर्धा डोंगर चढवला आणि कमरेला रग लागली म्हणून यंत्र बंद केलं. संध्याकाळी पुन्हा लावलं, तर बकरी पायथ्याशी. टप्पा पुरा झाल्याशिवाय खेळ सेव्हच व्हायचा नाही.

“सवय झाली की जमतं, आई,” सून जरा फणकाऱ्यानंच म्हणाली.

“कवळी नीट बसली नाही की मीही पेशंटना हेच सांगायचे. सवय होईल म्हणून. मग ते ती खिशात घालून हिंडायचे.” सासूबाई हसल्या. “शेवटी मलाच नवी करून द्यावी लागायची. कुठं बोचतं ते त्यांना विचारूनच.”

सून तडक आतल्या खोलीत निघून गेली. राग आला होता, आणि सासूबाईंचं बोलणं खरं असल्यामुळे जास्तच आला होता. मग तिनं स्वतःचा कंट्रोलर हातात घेतला आणि आपण तो कसा धरतो ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिचा उजवा पंजा तिरका झाला होता, करंगळी खाली मुडपली होती. टीममध्ये सगळी उंचपुरी मुलं. माप त्यांच्या पंजाचं. त्यांच्यात राहून तिनं आपला हात वाकडा करायला शिकून घेतलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन विचारलं, “आई, कुठं बोचतं ते सांगाल?”

सासूबाईंनी आधी दवाखान्यातलं सामान मागवून घेतलं. दातांचे ठसे घ्यायचं गुलाबी मेण त्यांनी गरम पाण्यात मऊ केलं, सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आवळ. आता सोड.” बोटांचे खळगे जसेच्या तसे उठले. मग दोघींना नादच लागला. शेजारीण, तिची लेक, संधिवाताने बोटं आखडलेले वरच्या मजल्यावरचे आजोबा, जो दारात येईल त्याच्या हातात मेण. टेबलावर गुलाबी मुठींची रांग लागली. त्यांवरून सुनेनं नवा कंट्रोलर घडवला. उडीचं बटण वर, बोटाखाली आलं. बकरीला जरा हळू चालव, असा सासूबाईंचा हट्ट होता. तो मात्र तिनं मानला नाही, आणि दोघी त्यावरून दोन दिवस भांडल्या.

महिन्याभरानं एका लहानशा कंपनीत तिची मुलाखत होती. समोरच्या मालकीणबाईंनी चष्मा काढला आणि सरळ विचारलं, “तुमचा कन्सोल का पडला?”

जाहिरातीचं वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

“तो उशिरा सुरू व्हायचा. पंखा फार ओरडायचा. माणसाला मध्येच उठायचं असतं, हे आम्ही धरलंच नव्हतं. आणि अर्ध्या लोकांचं बोट बटणापर्यंत पोचत नव्हतं. आम्ही कुणाला हातात देऊन पाहिलंच नाही.” तिनं पिशवीतून नवा कंट्रोलर काढला. “हा देऊन पाहिलाय.”

मालकीणबाईंनी तो उलटसुलट केला, मग बाहेरच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंना हाक मारून त्यांच्या हातात ठेवला. त्या जन्मात कधी खेळल्या नसाव्यात. पण त्यांचं बोट आपसूक बटणावर गेलं.

“हा अंगठा जरा दुखेल बरं का,” त्या संकोचून म्हणाल्या.

“कुठं?” असं विचारत ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मुलाखत अर्धवटच राहिली. निघताना मालकीणबाईंनी एवढंच विचारलं, “कधीपासून येताय?”