दुपारी बाराला पांढरी झालेली निवळी

मी प्रयोगशाळेच्या खिडकीतलं, कुंडीतलं झाड बोलतोय. नाव विचारू नका. चिठ्ठीवरचं नाव पाण्यानं कधीच धुऊन गेलं, आता सगळे मला 'नमुना' म्हणतात. म्हणू देत. नमुन्यानं काय केलं ते ऐका.

माझं वैर विज्ञानाच्या सरांशी. दरवर्षी हा माणूस माझं सगळ्यात टपोरं पान खुडतो, स्पिरिटमध्ये उकळतो आणि स्टार्चनं निळं-काळं होतंय का बघायला त्यावर आयोडीन ओततो. शिकण्यासाठी चाललंय म्हणून तेही सोसलं. पण उरलेला गार चहा रोज माझ्या कुंडीत ओततो आणि वर पोरांना सांगतो, "खत असतं रे ते." मग पी की स्वतः.

तरी डोकं फिरलं ते फळ्यामुळे. सरांनी लिहिलं, 'दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन.' मी काय कारखाना आहे, दोन पाळ्यांत चालायला?

आमचं सोपं असतं. प्रकाशसंश्लेषण म्हणजे माझा स्वयंपाक. मुळातून पाणी, हवेतून कार्बन डायऑक्साइड, पानातलं हरितद्रव्य आणि उजेड, एवढ्यात साखर तयार. ऑक्सिजन बाहेर. उजेड गेला की चूल बंद. आणि श्वसन म्हणजे त्याच साखरेतून ताकद काढणं. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. ते पानात, खोडात, मुळात चोवीस तास चालू. दिवसभर बंद ठेवलं तर संध्याकाळी मला उचलूनच न्यावं लागेल.

वर्गात एक मुलगी आहे. सारखं विचारते म्हणून सगळे तिला शंकासूर म्हणतात. ती उठली. "सर, मग झाड दिवसभर श्वास रोखून बसतं का?"

वर्ग खिदळला. सरांना झोंबलं.

"फार शहाणी झालीस. परवा तपासणीस बाई येतायत. दुपारी बाराला त्यांच्यासमोरच दाखवतो. झाडानं श्वास घेतला नाही, तर उभं राहून सगळ्यांदेखत म्हणायचं, मी उगाच वाद घातला, चुकले."

"आणि घेतला तर?"

"तर मी फळा पुसतो. बस खाली."

पोरगी बसली, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मी ठरवलं, हिला माफी मागू द्यायची नाही. आणि सरांना सोडायचं नाही.

सर पक्के आळशी. पानाच्या प्रयोगासाठी मला आधी दोन दिवस अंधारात ठेवावंच लागतं. तेव्हा त्यातच हेही उरकू म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडी प्लॅस्टिकनं गच्च बांधली, मातीतल्या जिवाणूंचा श्वास मोजला जाऊ नये म्हणून. शेजारी चुन्याच्या निवळीची वाटी, कारण कार्बन डायऑक्साइड लागला की ती पांढरी होते. वरून काचेची हंडी, आणि अंधार मोडू नये म्हणून त्यावर काळं कापड.

"सर, बाजूला रिकामी हंडीपण ठेवूया ना," शंकासूर म्हणाली. "तीच निवळी, तसंच कापड."

"ठेव बाई. तुझी हौस फिटू दे."

कापडाखाली मी खूश. मला उन्हात ठेवलं असतं ना, तर मी हरलो असतो. उन्हात मी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेवढा स्वतःच स्वयंपाकात संपवतो. निवळी स्वच्छ राहिली असती आणि सर मिशीवर ताव देत फिरले असते. पण त्यांना वाटलं, झाड घड्याळ बघून श्वास घेतं. त्यांनी स्वतःच्या हातानं माझी चूल विझवली आणि श्वास चालू ठेवला.

मग मी दुसरं काही केलं नाही. नुसता श्वास घेत राहिलो. एकेक श्वास सरांच्या नावानं.

बारा वाजले. तपासणीस बाई आल्या. सरांनी जादूगारासारखं कापड ओढलं.

रिकाम्या हंडीतली निवळी होती तशीच. माझ्याजवळची दुधासारखी पांढरी.

बाई वाकून बघत म्हणाल्या, "म्हणजे झाड भरदुपारी श्वास घेतंय. छान दाखवलंत, सर. पण मग फळ्यावर असं का लिहिलंय?"

"अं... झाड जरा बिघडलंय, बाई."

बिघडलंय म्हणे.

"रात्रच हवी असं नाही," शंकासूर हळूच म्हणाली. "अंधार केला म्हणून आपल्याला दिसलं. एरवी ते उजेडात झाकलं जातं."

बाईंनी मान डोलावली. सर फळ्यापाशी गेले. डस्टर सापडेना, शेवटी तळहातानंच पुसलं. पोरीला माफीचा एक शब्द म्हणावा लागला नाही.

या सगळ्याची किंमत मीच मोजली. दोन दिवस चूल बंद, श्वास मात्र चालू, त्यात साठवलेला स्टार्च संपला. त्या दिवशी खुडलेलं पान आयोडीनमध्ये निळं-काळं झालंच नाही. खालची तीन पानं पिवळी पडून गळली.

आता परत खिडकीत आहे. सर माझ्याकडे बघत नाहीत. दर नव्या वर्गाला मात्र बरोबर शिकवतात, आणि 'दिवसासुद्धा' म्हणताना हटकून अडखळतात. तेवढ्यासाठी मी जगतोय. माफ बिफ केलेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं. पान हवं तर न्या, जुनं न्या. पण आम्ही काय करतो हे लिहिण्याआधी एकदा काळं कापड टाकून बघा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून काहीही लिहू नका.