कोर्टहाउसवर हाका

हेमलॉक काउंटीचं पानगळीचं पत्रक दर वर्षी नोव्हेंबरात घरोघरी येतं आणि निम्म्या घरांत त्याने शेगडी पेटते. माझ्या व्हॅनमध्ये मात्र ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं जायचं. पॉलीन स्ट्रेयर मोठ्याने वाचायची आणि मी गाडी हाकता हाकता शेरे मारायचे.

मी व्हर्ना हॉकेनबेरी. काउंटीच्या उत्तर भागातली म्हाताऱ्यांची व्हॅन मी अकरा वर्षं चालवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार पॉलीनला डोंगर ओलांडून चाळीस मैलांवरच्या शहरात डायलिसिसला न्यायचं, ही माझी पहिली फेरी. पॉलीन एकाहत्तरची. नवरा गेला, मुलगा टेक्सासात, आणि डोळ्यांमुळे गाडीचा परवाना काढून घेतलेला. व्हॅन नसती तर तिला घर विकून शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागलं असतं. नाहीतर मरावं लागलं असतं. मधला रस्ता नव्हता, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

त्या शुक्रवारी ती चष्मा पुसून सुरू झाली.

"'पानं भरायच्या पिशव्या काउंटीच्या गोदामात मोफत मिळतील. येऊन घेऊन जाव्यात.'"

"पानं उडून गेल्यावर देतात मेले."

"'फ्लूची लस आरोग्य कार्यालयात, मंगळवारी. जुने टायर शनिवारी आणून द्यावेत.'"

"आणि जुन्या बायका?"

"त्यांची तारीख छापलेली नाही." ती हसली. मग पान उलटलं आणि गप्प झाली. पॉलीन गप्प झाली की मी आरशात बघते. ती कागद नाकाला लावून वाचत होती. "व्हर्ना, सातव्या पानावर खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे. 'उत्तर विभागातील प्रवासी सेवेची फेररचना. खुली सुनावणी सोमवार, सव्वीस नोव्हेंबर, सकाळी दहा, कोर्टहाउस.' उत्तर विभाग म्हणजे आपण ना?"

"आपणच."

"आणि फेररचना म्हणजे?"

"म्हणजे बंद. 'बंद' लिहायला हात थरथरतो यांचा."

तिने तारखेवर बोट ठेवलं. मग ती म्हणाली, "सव्वीसला हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस आहे गं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद, गॅरेज बंद, दाताचा डॉक्टरही सापडत नाही. त्या दिवशी कुणी मरत नाही, कारण शवपेटी उचलायला चार माणसं मिळायची नाहीत. सगळी काउंटी नारिंगी कोट घालून जंगलात बसलेली असते. आणि त्या दिवशी, दहा वाजता, यांना नागरिकांचे विचार ऐकायचे होते.

पॉलीनला सोडलं आणि परत येऊन मी तडक कोर्टहाउसमध्ये गेले. रॉडनी ब्रेसलर काउंटी चालवणाऱ्या तीन कमिशनरांचा अध्यक्ष. शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होता, नाक सतत वाहायचं.

"ये, व्हर्ना, बस ना."

"बसायला वेळ नाही. ही तारीख कुणी काढली?"

"कायदा सांगतो, सूचना द्या. दिली. छापून दिली, घरपोच दिली. लोक वाचत नाहीत, त्याला मी काय करू?"

"रॉडी, तुझा बाप या काउंटीतला नावाजलेला शिकारी. तू त्याच्याबरोबर बारा वर्षांचा असल्यापासून जंगलात जातोयस. सव्वीस तारीख म्हणजे काय, ते तुला माहीत नाही?"

तो खुर्चीत मागे रेलला. नवी खुर्ची होती, कातड्याची. "लोकांना व्हॅन खरंच हवी असेल तर येतील की. पहिल्या दिवशी जंगल सोडून खाली आलेला एक पुरुष मला दाखव, मी माझी टोपी खाईन."

मला राग आला तो तो खोटं बोलला म्हणून नाही. तो खरं बोलत होता म्हणून. तिघांतला एकटा क्लेअर शूप व्हॅनच्या बाजूचा होता, आणि क्लेअरने पन्नास वर्षांत पहिली सकाळ चुकवली नव्हती. म्हणजे उरले ब्रेसलर आणि ग्लेंडा वर्ट्झ, आणि ग्लेंडाबाईंचा हात ब्रेसलरच्या हातामागोमाग वर जायचा. दोन मतं पुरेशी होती. माणूस आपल्या गावाला किती ओळखतो आणि ती ओळख कशाला वापरतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी पुढचा आठवडा दारोदार फिरले. बायका म्हणाल्या, "येऊ गं, पण गाडी तर हे शिकारीच्या कँपवर घेऊन जाणार." पुरुष म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

सव्वीसला पहाटे मी बंबवाल्यांच्या हॉलवर गेले. पहिल्या दिवशी जंगलात शिरण्याआधी अख्खी उत्तर काउंटी तिथे न्याहारी करते. कुट्टूची धिरडी, सॉसेज आणि डांबरासारखी कॉफी. तव्यावर डच हॉकर होता. डच म्हणजे पॉलीनच्या बहिणीचा मुलगा, आणि सगळ्यात मोठ्या शिकारी टोळीचा म्होरक्या. मी बाकावर चढले आणि सातवं पान मोठ्याने वाचून दाखवलं.

"एकतीस वर्षं पॉलीनने तुमची हरणं कापून दिली," मी म्हटलं. "तिच्या गॅरेजमध्ये, थंडीत, हात निळे होईपर्यंत. कुणाचा पाव किलोसुद्धा तिने इकडचा तिकडे केला नाही. आज दहा वाजता तिला घराबाहेर काढतायत. आणि उद्या तुमच्या आयांना काढतील. मग त्यांना डॉक्टरकडे कोण नेणार? तू नेणार, मर्लिन? तुझ्या ट्रकला मागचा ब्रेक तरी आहे का?"

दीडशे माणसं. चमच्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. कुणी मान वर केली नाही. डचने फक्त एक धिरडं उलथलं.

"मावशी मशीनवरून किती वाजता सुटते?"

"सव्वाअकराला."

"इथे कधी पोचते?"

"रस्ता कोरडा असला तर साडेबारा."

"हं," म्हणाला, आणि पुढचं धिरडं ओतलं.

मी त्यांना जे म्हटलं ते चर्चमध्ये म्हणता येणार नाही. दार आपटून निघाले.

व्हॅनमध्ये पॉलीनने पत्रक आणलं होतं, पण वाचत नव्हती. घडी घालून मांडीवर ठेवलेलं.

"कुणी येणार नाही ना?"

"नाही."

"मी वृद्धाश्रमाला फोन करून ठेवलाय. एक खोली आहे म्हणे. खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे उघडते." मग म्हणाली, "मांजर नेता येत नाही."

मी गियर बदलला. बोलले असते तर गाडी दरीत गेली असती.

दहाला पाच कमी असताना मी कोर्टहाउसच्या वरच्या खोलीत होते. चाळीस खुर्च्या, त्यांत मी आणि स्वेटर विणणाऱ्या दोन बायका. समोर ब्रेसलर, ग्लेंडाबाई आणि काउंटीचा वकील. क्लेअर शूपची खुर्ची रिकामी. ब्रेसलरने घड्याळ बघितलं, मला बघितलं आणि हातोडा उचलला.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले.

एक जोडी नाही, दोन नाही. लाकडी जिना कुरकुरायला लागला. खाली दारावरचा पोलीस डेप्युटी ओरडत होता, "बंदुका? बंदुका कुठे आहेत?" आणि एकामागून एक आवाज, "गाडीत. गाडीत. गाडीत रे बाबा, चेहरा बघ ना माझा." आणि दारातून नारिंगी रंग आत शिरला. कोट, टोप्या, बुटांना चिखल, कुणाच्या बाहीवर रक्त. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या, खिडक्यांच्या कडा भरल्या, बाकीचे जिन्यावर.

डचने हाका घातला होता. सकाळी नऊनंतर हरणं उठत नाहीत. मग टोळीची माणसं एका ओळीत थोड्या थोड्या अंतरावर उभी राहतात आणि ओरडत, काठ्या आपटत रान झोडपत पुढे सरकतात. जे असेल ते पुढे पळतं. डचने तीन टोळ्यांना तीन बाजूंनी डोंगरावरून खाली आणलं होतं, कँपामागून कँप, आणि वाटेत जो सापडेल त्याला पुढे घालून. पुढे घातलेल्यांत क्लेअर शूपही होता. अडुसष्ट वर्षांचा, टोपीत पाचोळा अडकलेला, लालबुंद.

"झाडावरून उतरवलं मला यांनी," तो खुर्चीत धपकन बसत म्हणाला. "आठ टोकांच्या शिंगांचा नर समोर होता!"

"खार होती ती, क्लेअर," मागून कुणीतरी म्हणालं.

ब्रेसलरचा हातोडा अजून हवेतच होता. "वेळ मर्यादित आहे," त्याने घसा साफ केला. "दोन-तीन जणांचं ऐकून घेऊ आणि—"

"जो सही करेल त्या प्रत्येक रहिवाशाला तीन मिनिटं," वकील म्हणाला, वर न बघता. "तुमचाच नियम आहे, रॉडनी."

वही फिरली. त्रेसष्ट सह्या झाल्या. डच पहिला उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मी धिरड्यांपासून सुरुवात करतो."

सव्वादहाला मला निघावं लागलं. पॉलीनला आणायचं होतं.

तो परतीचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. पॉलीन मागे पांढरी पडून बसली होती, हातावर पट्टी. बोलायचं सोडा, डायलिसिसनंतर तिला पाणी प्यायचीही ताकद नसते. मी तिला नारिंगी कोटांचं सांगितलं आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. माझा हिशेब साधा होता. ही माणसं शब्दाची कंजूष. बायकोला लग्नाची मागणी घालताना यांनी सहा शब्द वापरले असतील. तीन मिनिटं कोण बोलणार? अर्ध्या तासात संपलं असेल, मतं पडली असतील, आणि क्लेअरचं एकट्याचं मत हरलं असेल.

"घरी ने गं मला सरळ," पॉलीन म्हणाली.

"कोर्टहाउसवरून जाऊ."

"कशाला? वाचून दाखवतील निकाल?"

मी गावात वळले. ट्रक जागच्या जागी होते. दोन्ही फुटपाथवर, चर्चच्या आवारात, एकाच्या मागे एवढा मोठा नर बांधलेला, जीभ बाहेर. डेप्युटी धावत आला आणि त्याने पॉलीनचं दार उघडलं.

"अठ्ठेचाळिसावा चालू आहे, बाई! एकाने तीन मिनिटं त्याच्या कुत्र्याची वंशावळ सांगितली. एक तीन मिनिटं नुसता उभा राहिला. वकील म्हणाला, तेही बोलण्यातच धरतात. अध्यक्षांना केव्हाचं मुतायला जायचंय, पण सोडत नाहीत त्यांना!"

डचने आणि आणखी एकाने पॉलीनला खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेलं. खोलीत ओल्या लोकरीचा आणि घामाचा वास भरला होता. मर्लिन बोलत होता, तिला बघून वाक्याच्या मध्येच थांबला. "माझी उरलेली दोन मिनिटं पॉलीनला," म्हणाला. पुढच्या रांगेने पाय आखडून तिच्या खुर्चीला जागा दिली.

पॉलीन उभी राहिली नाही. मांडीवरचं पत्रक उघडलं.

"हे मी पूर्ण वाचलंय, रॉडनी. बहुतेक तूही वाचलं नसशील. पान दोन, पिशव्या येऊन घेऊन जा. पान तीन, लस टोचायला या. पान चार, टायर आणून द्या. पान पाच, ज्येष्ठांना गरम जेवण, चर्चच्या तळघरात, या. पान सहा, शेगडीच्या तेलाच्या मदतीचा अर्ज, स्वतः येऊन भरा. अख्ख्या कागदात 'या, या, या'. आम्ही यायचं कशावर बसून? काउंटीची एकच गोष्ट आमच्या दारात येते. ती तू सातव्या पानावर मारतोस. मग पहिली सहा पानं कुणासाठी छापलीस?"

तिने घडी घातली. "माझं झालं. एक मिनिट शिल्लक आहे, ते तू घे. उत्तर दे."

ब्रेसलरने हातोडा सरळ केला, समोरचे कागद सरळ केले, पुन्हा हातोडा सरळ केला. साठ सेकंद म्हणजे किती लांब असतात, ते त्या खोलीने मोजून बघितलं.

"मी मत मागतो," क्लेअर शूप म्हणाला. "उत्तर भागाची व्हॅन चालू ठेवावी, आहे तशी, तीन दिवस." आणि हात वर केला.

सगळे ग्लेंडा वर्ट्झकडे बघत होते. सहा वर्षांत त्या बाईने ब्रेसलरच्या आधी हात हलवला नव्हता. ती टेबलाकडे बघत होती. मग म्हणाली, "माझी आई पण बसायची त्या व्हॅनमध्ये," आणि हात वर केला. कोपरापर्यंत नाही, पूर्ण वर, शाळेतल्या मुलीसारखा.

त्यानंतर जे झालं त्याला आरडाओरडा म्हणतात. जिन्यावरच्यांनी बूट आपटले, भिंतीवरचं जुन्या न्यायाधीशाचं चित्र वाकडं झालं. मग ब्रेसलरनेही हात वर केला, तिसरा. पत्रकात 'एकमताने' छापून यावं म्हणून. मी तो मत म्हणून धरत नाही.

"अजून चार तास उजेड आहे!" डच ओरडला, आणि खोली जशी भरली होती तशी रिकामी झाली.

मी पॉलीनला व्हॅनमध्ये बसवलं, पट्टा लावला. डेप्युटीने चौकात उभं राहून चारही बाजूंची वाहतूक थांबवली. ट्रक आमच्या पुढे आणि मागे रांगेने लागले, हॉर्न दाबून धरलेले, आणि डोंगराच्या वाटेला लागेपर्यंत एकानेही सोडला नाही. मीसुद्धा नाही. काउंटीचा हॉर्न होता.

"व्हर्ना," पॉलीन मागून ओरडली, कारण ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "बुधवारी पावणेसहाला ये. मागच्या वेळी सहा मिनिटं उशीर केलास!"