घसरगुंडीवरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. बोट कापलं की चिकटवतात ना, ती. जुनी म्हणजे नऊ दिवसांची. पण आम्हा पट्ट्यांना दोन दिवसांतच म्हातारपण येतं.

मी जन्मले तेव्हा माझी गादी पांढरीशुभ्र होती. एखाद्या सोललेल्या गुडघ्यावर फुंकर घालून मला कुणी लावावं, एवढंच माझं स्वप्न होतं.

नशिबी आलं एक पाळणाघर. तिथल्या घसरगुंडीचा पत्रा कडेला फाटून वर आला होता. त्याने एका मुलाची पोटरी कापली. सांभाळणाऱ्या मावशींनी एक पट्टी पोटरीला लावली आणि दुसरी, म्हणजे मी, पत्र्याला! "झालं, आता कुणाला लागायचं नाही," म्हणाल्या.

त्यानंतरचं सांगताना मला शिसारी येते. पोरांनी माझ्यावर शेंबडाची बोटं पुसली, चघळलेलं बिस्किट थापलं. एकाने तर मला चाटून पाहिलं! लाळ, धूळ, कुणाचे तरी केस... शी! माझी गादी काळी चिकट झाली आणि खाली पत्रा होता तसाच धारदार राहिला. पालकांनी विचारलं की मावशी माझ्याकडे बोट दाखवत, "पट्टी लावलीय की!" पालक मान डोलावून निघून जात. अंगावरच्या घाणीपेक्षा मला त्या वाक्याची किळस जास्त यायची.

काल एका छोटीची आई तिला न्यायला आली. तिने वाकून मला निरखलं.

"मावशी, हे काय?"

"पट्टी हो! तुम्ही ना, फारच घाबरट बाई."

"पट्टी पत्र्याला? रडलं कोण होतं, पत्रा?"

तेवढ्यात वरून छोटी ओरडली, "आई, मी आले!" आणि सुटलीच. आईने झटकन पत्र्याच्या कडेवर तळवा दाबला. छोटीची मांडी तळव्यावरून घसरली, ती खिदळत खाली पोचली. आईच्या हातून रक्त ठिबकत होतं. माझ्या आरपार पत्रा घुसला होता.

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. त्या नवी पट्टी घेऊन धावल्या. आई म्हणाली, "ही माझ्या हाताला चालेल. घसरगुंडीला पत्रेवाला लागेल. तो येईपर्यंत कुणी चढू नये म्हणून शिडी दोरीने बांधून टाका." मावशींनी दोरी आणली.

मग त्यांनी मला चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वाईट वाटलं नाही. मित्रांनो, जखमेवर मला खुशाल लावा, तेच माझं काम. पण जिथून जखमा होतात, तिथे मला चिकटवून निश्चिंत होऊ नका. माझ्या आड काय लपलंय, ते एकदा उचकटून बघा.