पेन्सिल फिरवलेला चेहरा

नवशीनं फोटो हातात घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"शेट, ही कोनाची बाई रं?"

"तूच ती, नवशे." गुप्ते हसले. मुंबईला चित्रकला शिकून आलेल्या गुप्त्यांना जव्हारात चित्र कोणी मागेना, म्हणून ते पोटासाठी फोटो काढत. फोटो ज्या काचेवरून छापायचा तिच्यावरच्या चेहऱ्यावर बारीक पेन्सिल फिरवायची, एवढीच त्यांची कला उरली होती. "यंत्र दिसेल ते टिपतं. सुंदर करावं लागतं ते हातानं. सुरकुत्या काढल्या, कपाळावरचे डाग काढले."

डाग म्हणजे गोंदण! मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं आणि पलीकडची आपली माणसं त्यावरूनच ओळखतात, असं तिचं सगळं पोशेरा गाव मानायचं. इथं तर जितंजागतं माणूस ओळखायचं होतं. तिचा एकुलता एक मुलगा जिवा लढाईवर ओझी वाहायला समुद्रापार बसऱ्याला गेला, त्याला वर्षं झाली. घरी बोलायला कोंबड्या. आता गावातला तुकाही तिकडंच निघाला होता आणि त्याच्या हाती हा फोटो धाडायचा होता.

"माजा पोऱ्या हिला आय म्हनंल व्हय? भूतसुदीक वळखनार नाय."

गुप्त्यांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "पेन्सिल पुसता येते. पण सगळीच पुसली जाईल. मग सुरकुत्या तेवढ्या पुन्हा झाकतो. चालेल?"

नवशीनं पुन्हा फोटोकडं पाहिलं. जिवा गेला तेव्हा सुरकुत्या नव्हत्या. आता दिसल्या तर परमुलखात एकटा झुरेल. नाही दिसल्या तर म्हणेल, आई होती तशी आहे, जाऊ सावकाश.

"नको झाकू," ती म्हणाली.

गुप्त्यांनी काच पुसली, फोटोच्या कोऱ्या कागदावर दाबून अंगणात उन्हाला ठेवली. नवशी शेजारी उकिडवी बसली.

"उभा काय ऱ्हातोस, शेट? बस की."

गुप्ते धोतर सावरून जमिनीवर बसले. कागद सावकाश काळवंडत गेला. कपाळावरची वेल आली, हनुवटीवरची टिंबं आली आणि मागोमाग डोळ्यांखालचं सगळं जाळं.

फोटो धुऊन वाळल्यावर तिनं तो पदरात गुंडाळला. दाराशी थबकली.

"तुक्याला सांगते, फोटो दे," ती म्हणाली, "अन् तोंडानं सांग, आय बरी हाय."