डाव्या बटणांचा कोट

मी एक जुना कोट आहे, निळ्या लोकरीचा, कोपरांवर विरलेला, कॉलरीपाशी थोडा तेलकट झालेला. मला तोंड नाही हे बऱ्याच लोकांचं नशीब समजा, मित्रांनो. जे बोलायचं होतं ते मी आजवर अस्तराच्या आत दाबून ठेवलं. आज बोलतो. पटलं तर घ्या, नाही तर मला परत खुंटीला टांगा.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. बेकरीच्या भट्टीवर काम करणारा एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला होता. सोबत तिची आई. ती दवाखान्यात नर्स, कायम घाईत. शिंप्याची टेप अजून मुलीच्या खांद्याला टेकलीही नव्हती, तोच ती म्हणाली, "वाढत्या अंगाचा शिवा हं. पोरगी बांबूसारखी वाढतेय."

वाढत्या अंगाचा! या दोन शब्दांनी मुलांचा जेवढा छळ केलाय, तेवढा छडीनंही केला नसेल. आज घातला तर तंबू. अंगाबरोबर येईपर्यंत कोपर फाटलेलं. म्हणजे नीट बसणारा कपडा मुलाच्या वाट्याला कधी यायचाच नाही! मी शिवून तयार झालो तेव्हा माझ्या बाह्या आत दुमडून टाके घातले होते, तरी मुलीची बोटं दिसत नव्हती. तिनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आई, मी बुजगावणं दिसतेय."

"बरं आहे. कावळे त्रास देणार नाहीत," आई म्हणाली.

मग मुलीनं सवयीनं हात खाली नेले. माझ्या दोन्ही बाजूंना खिशाच्या सुबक पट्ट्या होत्या. तिनं पट्टी उचलली. खाली नुसतं कापड.

"काका, यात हात जातच नाही."

"मुलींच्या कोटाला खिसा नसतो, बाळ. नुसती पट्टी असते, शोभेची," शिंपी म्हणाला. "खिसा केला की कोटाची ठेवण बिघडते."

हे ऐकून बाबा उठले. "आणि तिचे हात? तेही शोभेचेच आहेत का? थंडीत ते ठेवायचे कुठे?"

"अहो, पण कापड संपलं."

बाबा तसेच घरी गेले आणि गुडघ्यावर फाटलेली आपली कामावरची पँट घेऊन आले. "या पँटचे खिसे काढा आणि पोरीच्या कोटाला लावा. हात आहेत म्हणून खिसा. बाकी ठेवण गेली उडत!"

असे मला खिसे मिळाले. त्या कापडात भट्टीचा, पिठाचा, ताज्या पावाचा वास इतका मुरला होता की आजवर कितीदा धुतलं तरी तो गेला नाही. मला माझ्या अंगाबद्दल अभिमान वाटावा अशी तेवढीच एक गोष्ट आहे, पण ती पुरेशी आहे.

मुलीबरोबर मी मजेत जगलो. झाडावर चढलो, चिखलात बसलो, एकदा मांजरीच्या पिल्लांचं अंथरूणही झालो. ती वाढली तशी आईनं बाह्यांची दुमड उसवली. दुमड होती तिथं फिकट रेघ राहिली. मग एके दिवशी तिचे खांदे माझ्यात मावेनात आणि मी तिच्या धाकट्या भावाकडे आलो.

त्याला घरात मुंगळा म्हणायचे, कारण ज्याला चिकटला त्याला तो सोडत नसे. मला तर तो चालायला लागल्यापासून चिकटलेला. ताई शाळेतून आली की तिच्याआधी माझ्या खिशात तोंड खुपसायचा. मी त्याचा झालो त्या दिवशी तो मला घालूनच जेवला आणि घालूनच झोपला. बाह्या पुन्हा दुमडल्या गेल्या. ताई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसायची आणि सांगायची, "हे भोक, हे बटण, आणि हा उंदीर बिळात." तिच्या बोटांकडे बघून तो शिकला. काही दिवसांत जीभ बाहेर काढून, श्वास रोखून सगळी बटणं स्वतः लावू लागला. मित्रांनो, लहान बोटांनी पहिल्यांदा बटण लावलं की कोटाला काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

आणि मग शाळेच्या फाटकाशी ढब्बूची आई भेटली.

ढब्बू म्हणजे मुंगळ्याच्या वर्गातला एक गुबगुबीत मुलगा. त्याची आई वाईट बाई नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, लोकांनी कानाआड केलं असतं. ती मायेनं वाकली, माझी कॉलर नीट केली आणि ओरडली, "अगं बाई! हा तर मुलीचा कोट! बटणं बघा ना, डावीकडं!"

तोवर त्या फाटकाशी एकाही पोराला हे ठाऊक नव्हतं. मुलांच्या कोटाची बटणं उजव्या अंगाला आणि मुलींच्या डाव्या, असं असतं म्हणे. का असतं? मी शिंप्याच्या दुकानात जन्मलो, तरी मला माहीत नाही. कुणीतरी कधीतरी ठरवलं आणि बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. बटणाला दाढी फुटते का? बटणाच्या कानात डूल असतात? पण मोठ्या माणसानं बोट दाखवलं, की लहानांना दगड मिळतो.

"ए ताई, वेणी कुठंय?" ढब्बू मधल्या सुट्टीत म्हणाला.

"डावी बाई आली! बाईंना बसायला जागा द्या रे!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या दिवसापासून मुंगळा मला घालून घराबाहेर पडायचा आणि कोपऱ्यावर वळला की काढून दप्तरात कोंबायचा. मी डब्याखाली चेपून बसायचो. बाहेर तो कुडकुडतोय हे मला दप्तराच्या थरथरीवरून कळायचं. ऊब द्यायला जन्मलेला मी, त्याच्या पाठीपासून बोटभर अंतरावर, आणि काही करू शकत नव्हतो.

एकदा बाबा लवकर सुटले आणि त्याला घ्यायला शाळेत आले. पोराचे ओठ निळे, आणि कोट दप्तरात. वाटेत त्यांनी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. रात्री आईला म्हणाले, "नवा घेऊन टाकू. त्याला त्याच वर्गात रोज बसायचंय. कुठे भांडत बसणार?"

सुट्टीच्या दिवशी बाबा दोन्ही मुलांना घेऊन दुकानात गेले. मुंगळा मला घालूनच आला होता. नवा कोट पसंत पडला की मी जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात जाणार, हे आदल्या रात्रीच ठरलं होतं.

दुकानात एका भिंतीला मुली, दुसऱ्या भिंतीला मुलं, मध्ये जणू नदी. मुलांच्या भिंतीवर काळे, करडे, मातकट कोट. ज्याच्या त्याच्या छातीवर कुठलंतरी जनावर जबडा उघडून उभं. पोराला ऊब देण्याआधी गुरगुरायला शिकवायची केवढी ती घाई!

"हा बघा, एकदम दणकट. मुलांना असंच लागतं," दुकानदार म्हणाला.

मुंगळा आठ वर्षांचा होता. कोटावरही आठच लिहिलं होतं. पण कोटातला आठ वर्षांचा मुलगा दुसराच कुणीतरी असावा, कारण मुंगळ्याचे हात वर होईनात. त्याहून मोठा घातला तर तो गुडघ्यांपर्यंत आला.

"याच्या मधलं माप?" बाबांनी विचारलं.

"मधलं येत नाही. मोठाच घ्या साहेब. वाढतं अंग आहे."

मी बाबांच्या हातावर लटकत होतो. हसू आलं असतं, पण गाठोडं डोळ्यांसमोर होतं.

मुंगळा बटणं लावायला लागला आणि बोटं अडखळली. ती उलट्या बाजूला बटण शोधत होती.

"एवढा घोडा झालास आणि बटण येत नाही?" दुकानदार हसला.

मुंगळ्याचे डोळे भरले. ताई पुढे झाली, त्याच्यासमोर बसली. आणि तिचीही बोटं अडखळली! इतकी वर्षं जिकडे बटण होतं तिकडे भोक. तिनं एकदा त्या कोटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाबा, माझा कोट शिवला तेव्हा शिंपीकाकांना काय म्हणाला होतात?"

"आता काय ते?"

"हात आहेत म्हणून खिसा. म्हणाला होतात ना? मग याला छाती आहे म्हणून बटणं. ती कुठल्या का बाजूला असेनात!"

"तुला बोलायला काय जातं? चिडवतात त्याला."

"मग चिडवणाऱ्यांना बोला. कोटाला का हाकलताय?"

दुकानदार हँगर आवरू लागला. बाबांचा एक हात नकळत माझ्या खिशात गेला होता. स्वतःच्याच जुन्या खिशात. बोटं आत थोडी फिरली आणि थांबली. मग ते पोरासमोर उकिडवे बसले.

"तुला कुठला पाहिजे? रडलास तरी चालेल, पण खरं सांग."

मुंगळा रडला, आणि रडत रडत म्हणाला, "पावाचा वास येतो तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शर्टावरच्या पिठासकट त्याला शाळेत सोडायला गेले. मुंगळ्याच्या अंगावर मी, बटणं लावलेली, शेवटपर्यंत.

"अहो, अजून तोच कोट?" ढब्बूची आई म्हणाली. "पोरं हसतात हो त्याला. मला बाई कसंसंच होतं."

"वहिनी, एक सांगा," बाबा म्हणाले. "थंडी कुठल्या बाजूनं येते? डाव्या की उजव्या?"

"हे काय विचारणं झालं?"

"तिला बटणांशी देणंघेणं नाही. आपणही ठेवू नये म्हणतो मी."

सगळं एका दिवसात मिटलं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. आणखी काही दिवस पोरं ओरडली. पण मुंगळा मला काढेना, तशी त्यांची मजा गेली. एका दुपारी ढब्बू कुंपणाशी आला. त्याच्या कोटावर वाघ होता, पण चेन अडकून छाती उघडी पडली होती.

"तुझ्या खिशात खरंच पावाचा वास येतो?"

मुंगळ्यानं खिसा उलटा करून दाखवला. ढब्बूनं त्यात नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

पुढे मुंगळाही माझ्यातून मोठा झाला. मी डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत पडलो. किती हिवाळे गेले कोण जाणे. एक बटण धाग्यावर लोंबू लागलं. मला कुणी विसरलं याचा राग नाही, कपड्याचं तेच असतं. राग दुसऱ्याच गोष्टीचा आला.

ताईला दिवस गेले आणि बाहेर आईचा आवाज ऐकू आला, "मुलगी झाली तर हा कोट आहेच. मुलगा झाला तर नवा घेऊ." अरे देवा! एवढं रामायण झालं तरी?

म्हणून सांगतो, मित्रांनो. मला जपा म्हणजे नुसतं कपाटात ठेवू नका. घाला, मळवा, धुवा, फाटलं तर शिवा. सुई मुलींची आणि हातोडी मुलांची, असं कुणी सांगितलं तर तोंडावर हसा. आणि कुणाच्या अंगावरच्या कपड्याकडे बोट दाखवावंसं वाटलं, तर आधी तो माणूस कुडकुडतोय का ते बघा.

त्या दिवशी ट्रंक उघडली ती मुंगळ्यानं. आता त्याला मिशी आहे, आणि बाबांशेजारी तो भट्टीवर काम करतो. त्यानं मला मांडीवर घेतलं, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटून सुईत ओवलं. बोटाला पीठ होतं. जीभ अजून तशीच बाहेर आली होती.

"अरे मामा, ते बटण कुठल्या बाजूला लावतोयस?" आईनं विचारलं.

"होतं तिथंच," तो म्हणाला आणि टाका घट्ट ओढला.